आधी वायपर, मग वाजंत्री

टेस्ला या अमेरिकन मोटार-कंपनीने भारतातील आपले पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, ते जुलै 2025 मध्ये. खुद्द मुख्यमंत्री त्या समारंभास उपस्थित होते. साठ लाखांच्या घरात किंमत असलेली ही मोटार विकत घेणारे आमच्या वाचकांत फार थोडे असतील. पण नुसती पाहून येण्यास पैसे पडत नाहीत, आणि पाहून आलेल्या काही मंडळींशी बोलण्याचा योग आम्हांस आला. ती सारी मंडळी एकाच गोष्टीविषयी बोलत होती, ती म्हणजे पडदा. पुढे पंधरा इंचांहून मोठा पडदा, मागे बसणाऱ्यांसाठी आणखी एक. त्यावर चित्रपट दिसतात, खेळ खेळता येतात, गाण्याच्या तालावर मोटारीचे दिवे उघडझाप करतात. सभ्य माणसे चारचौघांत ज्यांचा उल्लेख टाळतात असले काही आवाजही ही मोटार आज्ञेबरहुकूम काढून दाखविते. सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक ओसंडत होते. बाहेर पावसाची झड लागलेली होती. आणि या मोटारीचा वायपर पाऊस कसा ओळखतो, हे जुलै महिन्यात, मुंबईत, त्यांच्यापैकी कोणालाही विचारावेसे वाटले नव्हते.

विचारले असते तर उत्तर मनोरंजक मिळाले असते. पाऊस ओळखण्यासाठी इतर अनेक मोटारींच्या काचेमागे एक लहानसे स्वतंत्र यंत्र असते. काचेवर थेंब पडला की प्रकाशाचे परावर्तन बदलते आणि त्यावरून ते यंत्र वायपर सुरू करते. साधे, जुने आणि स्वस्त साधन आहे. टेस्लाने ते वगळले. रस्ता पाहण्यासाठी बसविलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून संगणकानेच पावसाचे अनुमान करावे, अशी तिची योजना आहे. कल्पना बुद्धिमत्तेची खरी. पण कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतो आणि भुरभुर पावसात स्वस्थ बसतो, ही त्या मोटारींच्या मालकांची तक्रार देशोदेशी वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. याच वर्षांत त्याच मोटारींना खेळांचे भांडार मिळाले, चित्रपटगृह मिळाले, दिव्यांचा तमाशा मिळाला. मग मालकांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो अगदी स्वाभाविक होता. करमणुकीच्या सोयी वाढविण्याच्या नादात मोटारीच्या खऱ्या कामाच्या सॉफ्टवेअरची हेळसांड होत नाही काय? हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही आणि तो केवळ श्रीमंतांचाही नाही. आज टेस्लात असलेली गोष्ट उद्या बारा-पंधरा लाखांच्या मोटारीत येते, आणि परवा तिच्यापुढून रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याशी तिची गाठ पडते.

प्रथम दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. मोटारीत करमणूक आली की अनर्थ ओढवेल ही हाकाटी जुनी आहे. 1930 च्या सुमारास अमेरिकेत मोटारीत रेडिओ बसू लागले तेव्हा त्यांवर बंदी घालावी अशा सूचना तेथे निघाल्या होत्या. चालकाचे लक्ष विचलित होईल, गाणे ऐकता ऐकता त्याला डुलकी लागेल, असे आक्षेप होते. 1956 मध्ये तर क्रायस्लर कंपनीने मोटारीत चक्क ध्वनिमुद्रिका वाजविणारे यंत्र बसविले. रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्याचा लवकरच निकाल लावला आणि थोड्याच वर्षांत ते बंद पडले. रेडिओ मात्र टिकला आणि त्याने जग बुडाले नाही. रात्रीच्या लांबच्या प्रवासात गाण्याची सोबत असणे हे उलट सुखाचेच आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट आणखी निराळी. तिला चार्जिंगच्या थांब्यावर अर्धा-पाऊण तास थांबावे लागते. त्या वेळात कोणी चित्रपट पाहिला किंवा आजोळी निघालेली मुले मागे बसून खेळ खेळत राहिली, तर त्यांना नावे ठेवण्याइतके आम्ही अरसिक नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक हुशारीचा आहे. खेळ तयार करणारे अभियंते वेगळे आणि ब्रेक, वायपर, बॅटरी यांचे सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे. तेव्हा पहिल्यांनी काम केल्याने दुसऱ्यांचे काम अडत नाही, असे कंपन्यांचे कैवारी सांगतात. हे ऐकले की आम्हांस आमच्या शाळामास्तरकीचे दिवस आठवतात. त्या शाळेच्या रंगमंचास एके वर्षी गर्द जांभळा मखमली पडदा आला. स्नेहसंमेलनास आलेल्या पालकांनी त्याची वाखाणणी केली, पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला. त्याच पावसाळ्यात सातवी 'ब' च्या वर्गात छपराच्या गळतीखाली बादली ठेवून आम्ही मुलांना समास शिकवीत होतो. पडदा शिवणारा शिंपी वेगळा आणि कौले शाकारणारा गवंडी वेगळा, असे मुख्याध्यापक म्हणाले असते तर ते काही खोटे नव्हते. पण पैशाची पेटी एकच होती. आधी कोणास बोलावावयाचे हे ठरविणारे डोकेही एकच होते. आणि पालक संमेलनास येत, सातवी 'ब' मध्ये कोणी येत नसे. मोटारीच्या दालनाचेही असेच आहे. तेथे पाऊस पडत नाही. तेथे काचेवर वाफ धरत नाही, उलट दिशेने ट्रक येत नाही. तेथे पडदा मात्र झळाळत असतो. गिऱ्हाईकाच्या नजरेत जे भरते त्यावर व्यापारी खर्च करतो, हा काही त्याचा दुष्टपणा नव्हे. तो त्याचा हिशेब आहे. तो हिशेब बदलावयाचा तर गिऱ्हाईकाने आणि सरकारने काहीतरी वेगळे मागावयास हवे.

पण माणसे वेगळी हा युक्तिवाद मान्य केला तरी एक गोष्ट शिल्लक राहते, आणि आमच्या मते या साऱ्या वादाचा गाभा तेथेच आहे. माणसे वेगळी असतील. पडदा एकच आहे. पुष्कळदा त्यामागचा संगणकही एकच असतो. पूर्वी रेडिओ बिघडला तर रेडिओ बिघडे. त्यामुळे काचेवरचे धुके घालविणारा हवेचा झोत बंद पडत नसे. आता झोताचे बटण, मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा, वायपरची गती आणि चित्रपट हे सारे एकाच काचेच्या तुकड्यावर येऊन बसले आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये टेस्लाला मॉडेल एस व मॉडेल एक्स या जातींच्या सुमारे 1 लाख 35 हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. पडद्यामागच्या संगणकात 8 गिगाबाइटांचा एक स्मृतिसंच होता. त्यावर सतत नोंदी लिहिल्या जात. असल्या संचावर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. पाच-सहा वर्षांत तो झिजला की पडदा काळा पडे, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा जाई, काच स्वच्छ करणाऱ्या झोताचे नियंत्रण जाई, वळण दाखविणाऱ्या दिव्याचा टिकटिक आवाजही जाई. असा भाग मोटारीच्या साऱ्या आयुष्यभर टिकावा ही अपेक्षाच अवाजवी आहे, असा पवित्रा कंपनीने आरंभी घेतला होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने तो मानला नाही. दूरचित्रवाणीचा संच पाच वर्षांनी बिघडावा हे एक वेळ सोसता येईल. धुक्याने भरलेल्या काचेपलीकडचा घाटरस्ता दिसेनासा व्हावा, हे कसे सोसावयाचे?

हा दोष कोणी मुद्दाम केलेला नव्हता. यापुढील दोन गोष्टी मात्र जाणूनबुजून केलेल्या होत्या. डिसेंबर 2020 पासून मोटार चालू असतानाही पुढच्या पडद्यावर खेळ खेळण्याची मुभा टेस्लाने दिली. 'मी चालक नाही, प्रवासी आहे' अशी एक कबुली बोटाने दाबली की काम झाले! परीक्षेच्या वर्गात उत्तरपत्रिका वाटून 'मी नक्कल करणार नाही' असे मुलाकडून लिहून घ्यावे आणि मास्तरांनी बाहेर चहा प्यावयास जावे, तसलाच हा बंदोबस्त. वर्षभर हे चालले. डिसेंबर 2021 मध्ये सुमारे 5 लाख 80 हजार मोटारींसंबंधी सरकारी चौकशी सुरू झाली, आणि दोन-तीन दिवसांतच कंपनीने धावत्या मोटारीत हे खेळ बंद करण्याचे मान्य केले. जी गोष्ट दोन-तीन दिवसांत मान्य करता येत होती ती वर्षभर का केली गेली नाही, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे. दुसरे प्रकरण आवाजांचे. विजेची मोटार मंद गतीने चालताना आवाज करीत नाही. आंधळ्या व वृद्ध पादचाऱ्यांना तिची चाहूल लागत नाही, म्हणून तिने विशिष्ट इशारा-ध्वनी केलाच पाहिजे असा अमेरिकेत नियम आहे. टेस्लाने त्याच बाहेरच्या कर्ण्यातून गाणी व विनोदी आवाज वाजविण्याची सोय मालकांना करून दिली. त्या आवाजांत इशारा बुडून जाई. फेब्रुवारी 2022 मध्ये सुमारे 5 लाख 78 हजार मोटारींतून, त्या चालत असताना, ही सोय काढून घ्यावी लागली. येथे करमणूक आणि उपयोग यांची केवळ पैशांवरून ओढाताण नव्हती. करमणूक उपयोगाच्या अक्षरशः उरावर बसली होती.

तरीही आमच्या मते याहून बोधप्रद उदाहरण जुलै 2015 मधले आहे, आणि ते टेस्लाचे नाही. चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकन संशोधकांनी घरी बसून, कित्येक मैलांवरच्या महामार्गावर धावणारी एक जीप चेरोकी मोटार आपल्या ताब्यात घेऊन दाखविली. आत एक पत्रकार बसला होता आणि त्यास या प्रयोगाची कल्पना होती. प्रथम रेडिओ कर्कश वाजू लागला. तो बंद होईना. मग वायपर आपोआप सुरू होऊन काचेवर पाणी उडाले आणि समोरचे दिसेनासे झाले. मग इंजिनाचा चाकांशी असलेला संबंधच तुटला, आणि मागून ट्रक येत असताना गाडी रस्त्यात मंदावली. हे दोघे मोटारीत शिरले ते कोणत्या दाराने? गाणी व नकाशे दाखविणाऱ्या, इंटरनेटला जोडलेल्या करमणुकीच्या संचातून. तेथून पुढे ब्रेकपर्यंत वाट मोकळी होती. दिवाणखान्याच्या खिडकीतून चोर शिरावा आणि तिजोरीच्या खोलीला दारच नसावे, असा तो बांधा होता. कंपनीला त्या वेळी 14 लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर मोटारींच्या संगणक-सुरक्षेविषयी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय नियम झाले, युरोपात ते बंधनकारकही झाले. पण एवढे भोक पाडून दाखविणारे कोणी भेटेपर्यंत त्या दारास कडी लावण्याची कोणास निकड भासली नव्हती, हे विसरता येत नाही.

काही वाचक म्हणतील, हे सारे अमेरिकन उद्योगांचे उतावळेपण आहे. जर्मनांसारखे शिस्तीचे लोक असे करणार नाहीत. दुर्दैवाने तसे नाही. फोक्सवॅगनने आपल्या आठव्या पिढीच्या गोल्फ मोटारीत व आयडी. 3 या विजेच्या मोटारीत तापमान व आवाज कमी-जास्त करण्याची साधी बटणे काढून त्यांच्या जागी बोट सरकविण्याच्या गुळगुळीत पट्ट्या बसविल्या. त्या पट्ट्यांवर दिवा नव्हता, त्यामुळे रात्री त्या सापडतच नसत! गिऱ्हाइके इतकी वैतागली की कंपनीच्या प्रमुखांना या प्रकाराने आपले नुकसान झाल्याची कबुली द्यावी लागली, आणि 2025 मध्ये तिच्या मुख्य रचनाकारांनी ही चूक पुन्हा होणार नाही, महत्त्वाची बटणे परत येतील, असे जाहीर केले. त्याच जर्मनीतील एका खटल्याकडे आमच्या वकील वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मार्च 2019 मध्ये मुसळधार पावसात एक गृहस्थ टेस्ला चालवीत होते. वायपरची गती बदलण्यासाठी त्यांनी पडद्यावरच्या यादीत बोट घातले, त्यांची नजर रस्त्यावरून हलली, आणि मोटार रस्ता सोडून झाडांवर गेली. कार्ल्सरूहे येथील न्यायालयाने त्यांना 200 युरो दंड व एक महिना मोटार चालविण्यास बंदी अशी शिक्षा दिली, आणि मार्च 2020 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती कायम केली. मोटारीतच बसविलेला पडदा हेही मोबाइलसारखेच विद्युत्-साधन आहे, आणि वायपरसारख्या आवश्यक गोष्टीसाठी तो वापरला तरी कायद्यातून सुटका नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेलही. पण वायपर पडद्यावर नेऊन ठेवला कोणी, आणि शिक्षा झाली कोणास, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते.

या अस्वस्थतेला मोजमापाचा आधार आहे. स्वीडनमधील 'व्ही बिलॅगरे' या मोटारविषयक नियतकालिकाने 2022 मध्ये एक साधी परीक्षा घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगाने जाताना चालकाने चार किरकोळ कामे करावयाची: आसनाची ऊब वाढवून काचेचा झोत लावणे, रेडिओ ठराविक केंद्रावर आणणे, अंतरमापक शून्यावर आणणे, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद करून मधला पडदा विझविणे. मोटारींची ओळख करून घेण्यास चालकांना आधी वेळ दिला होता. सर्वांत लवकर कामे उरकली ती 2005 सालच्या, बटणांच्या, जुनाट व्होल्व्होमध्ये. दहा सेकंद, म्हणजे 306 मीटर रस्ता. एमजीच्या नव्या विद्युत्-मोटारीस जवळजवळ 45 सेकंद लागले, आणि तेवढ्यात ती 1,372 मीटर पुढे गेली होती. दादर स्थानकापासून शिवाजी पार्काच्या कडेपर्यंत माणूस डोळे अर्धे मिटून चालला आहे असे समजा, म्हणजे कल्पना येईल! अमेरिकन प्रशासनाच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्त्यावरून नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा अधिक हलू नये आणि एका कामास एकूण बारा सेकंदांवर लागू नयेत. त्या सूचना ऐच्छिक आहेत, आणि ऐच्छिक सूचनांचे जे होते तेच त्यांचे झाले.

लढाऊ जहाजांनासुद्धा हा मोह आवरला नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्या 'जॉन एस. मॅकेन' या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा नाविक बुडाले. सुकाणू व गती यांचे नियंत्रण टचस्क्रीनवर नेलेले असल्याने गोंधळ झाला, हे चौकशीत एक कारण निघाले. 2019 मध्ये त्या नौदलाने गती-नियंत्रणाच्या हाताने ओढावयाच्या दांड्या परत आणण्याचे ठरविले. मोटार-कंपन्यांपैकी मॅझदाने त्याच वर्षी आपल्या मॅझदा 3 मधून टचस्क्रीन विचारपूर्वक वगळली होती. आम्ही तिचे अभिनंदनच करणार होतो. पण 2025 मध्ये तिने दाखविलेल्या नव्या सीएक्स-5 मध्ये भला मोठा टचस्क्रीन आहे आणि जुनी बटणे नाहीशी झाली आहेत. बाजाराच्या ओढीपुढे शहाणपण किती दिवस टिकते ते यावरून कळते.

दूरवरून दुरुस्ती पाठविण्याच्या सोयीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मोटार रात्री अंगणात उभी असताना तिला नवे सॉफ्टवेअर मिळते, कारखान्याच्या फेऱ्या वाचतात, ही निःसंशय मोठी सुधारणा आहे. पण तिच्यामुळे अर्धवट माल विकण्याची आणि 'पुढच्या अपडेटमध्ये पाहू' असे म्हणण्याची सवय लागते. आश्वासनावर विकलेली वस्तू पुढे नक्की केव्हा पुरी होणार, हे बिलावर लिहिलेले नसते. अपडेट येते तेव्हा त्यात दोन नवे खेळ ठळक अक्षरांत असतात, आणि 'किरकोळ सुधारणा' अशी तळाला एक ओळ असते. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र गोठत होते की ब्रेकची सूचना चुकत होती, हे त्या 'किरकोळ' मध्ये दडून राहते. आम्ही वर जे आकडे दिले ते आम्हांस मिळाले कसे? अमेरिकेत सुरक्षिततेशी संबंध असलेला दोष दूरवरून, एका पैशाच्याही खर्चावाचून दुरुस्त केला तरी त्याची 'परत बोलावणी' म्हणून सरकारदरबारी जाहीर नोंद करावी लागते. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांना हा शब्द जुनाट वाटतो. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामुळेच फोर्डला मे 2025 मध्ये मागच्या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअर-दोषापायी 10 लाखांहून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या हे जगास कळते. दोष झाकून दुरुस्त होऊ लागले की दोष किती होते हेच कोणास कळत नाही.

आता आपल्या दारी या. महिंद्र कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये सादर केलेल्या एक्सईव्ही 9ई या विजेच्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एका रांगेत तीन पडदे आहेत, त्यांतला एक चालकाशेजारच्या प्रवाशापुढे. ही मोटार आपल्या चाकणला बनते. जगभरच्या मोटार-कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे हजारो मराठी तरुण पुण्याच्या हिंजवडीत बसतात. मोटारींची अधिकृत चाचणी करणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातच, 1966 पासून, उभी आहे. म्हणजे हा प्रश्न परदेशच्या बातम्यांचा राहिलेला नाही. आमच्या मुलाबाळांनी आधी काय लिहावयाचे आणि काय तपासून पाहावयाचे, असा तो झाला आहे. त्यांच्या बुद्धीविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्यापुढे येणाऱ्या कामांच्या यादीत वायपर कितव्या क्रमांकावर आहे, एवढीच शंका आहे.

आणि वायपर ही येथे चैनीची वस्तू नव्हे. बोरघाटात जुलैच्या संध्याकाळी ज्यांनी मोटार चालविली आहे त्यांना ते सांगावयास नको. बाहेर पाऊस, आत चार माणसांचा श्वास. दोन मिनिटांत काच आंधळी होते. अशा वेळी झोताचे बटण हाताला न पाहता सापडले पाहिजे. ताशी 60 किलोमीटर या घाटातल्या वेगानेही दोन सेकंदांत मोटार 33 मीटर पुढे जाते, आणि पुढे एखादा बंद पडलेला ट्रक दिव्यांवाचून उभा असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. पडद्यावर हवेचे चित्र, त्यात काचेचे चित्र, त्यात झोताचे चित्र, असा शोध घेण्यास तेथे सवड कोणास आहे?

आपला कायदा याबाबतीत मागे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातातला मोबाइल वापरत मोटार चालविणे हे धोकादायक ठरविले. ते योग्यच झाले. पण डॅशबोर्डवरचा पंधरा इंची पडदा हातात नसतो, म्हणून तो या शब्दांच्या बाहेर राहतो. जी गोष्ट खिशातल्या पाच इंचांना मना आहे ती पुढ्यातल्या पंधरा इंचांना चालते, हे तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाही. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम 110-अ ने सदोष मोटारी परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. तो अधिकार सॉफ्टवेअरच्या बाबतीत धारदार केला पाहिजे. सुरक्षिततेशी संबंध असलेली प्रत्येक दुरुस्ती, मग ती हवेतून येवो वा कारखान्यातून, जाहीरपणे नोंदविली गेली पाहिजे. प्रत्येक अपडेटबरोबर कोणते दोष दूर झाले आणि कोणते माहीत असूनही राहिले, याची यादी मालकास त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे. करमणुकीचा संच बंद पडला तरी वायपर, दिवे, काचेचा झोत व मागचा कॅमेरा चालू राहतील अशी रचना सक्तीची असावी. खेळांवर बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. मोटार उभी असताना खुशाल खेळावे. चालू असताना पुढच्या आसनावरून चालकास दिसेल असे काही हलू नये.

युरोपने अर्धे पाऊल टाकले आहे. मोटारींच्या सुरक्षिततेस तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी 2026 पासून असे ठरविले आहे, की इंडिकेटर, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर व आणीबाणीची हाक या पाच गोष्टींना हाताने चालणारे स्वतंत्र बटण वा दांडी नसेल तर पुरे पाच तारे मिळविणे दुरापास्त व्हावे. ती संस्था सरकार नव्हे, तिचा नियम कायदा नव्हे. तरी ताऱ्यांची भीती कायद्याहून कधीकधी अधिक काम करते. टेस्लाने 2023 च्या मॉडेल 3 मधून इंडिकेटरची दांडी काढून टाकली होती. 2025 च्या नव्या मॉडेल वाय मध्ये ती तिने कायम ठेवली आहे, याची नोंद येथे केली पाहिजे. आपल्या भारत एनकॅपची तारा-पद्धत ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः टक्कर झाल्यावर आतल्या माणसांचे काय होते ते पाहते. टक्कर टाळण्यास चालकाचा हात किती लवकर बटणापर्यंत पोहोचतो, हेही तिने पाहावे. त्यात काचेचा झोत ही सहावी गोष्ट आपल्या घाटांकरिता आणि आपल्या पावसाकरिता तिने स्वतःहून घालावी. युरोपने ती घातली नाही, म्हणून आपणही थांबण्याचे कारण नाही.

तोवर मोटार पाहावयास जाणाऱ्या वाचकांस आमची एक विनंती आहे. विक्रेता गाणे लावून देईल, चित्रपट दाखवील, दिवे नाचवील. त्यास सौजन्याने सांगावे, की आता पडदा विझवा आणि वायपर, काचेचा झोत, इंडिकेटर व धोक्याचे दिवे एकामागून एक चालवून दाखवा. तो काय करतो आणि काय उत्तर देतो, ते मोटारीच्या नावासह आम्हांस लिहून कळवावे. आलेली पत्रे पावसाळ्यापूर्वी या पानावर छापण्याचा आमचा विचार आहे.